पाकिटातलं बी

पाहोआ, हवाई
१० मे १९९८

नोरिंग,

तुझं पत्र मिळालं. मी बरी आहे. तुझा भावजी लुसिओ बरा आहे, रविवारी येतो, हॉटेलातल्या हिरवळीच्या गोष्टी सांगतो, सोमवारी पहाटे परत जातो. झाली ख्यालीखुशाली. आता कामाचं लिहिते.

रोगाचं मागं लिहिलं होतं. आता लिहिण्यासारखं उरलंच नाही. दोन्ही तुकड्यांवरचं पपईचं एकूण एक झाड मी माझ्या हातानं तोडलं. पानं बुटाच्या नाडीसारखी होतात, फळावर कडी उठतात, ओला पेला टेबलावर ठेवल्यावर उठतं तसं एकात एक. मावा या झाडावरून उठला आणि त्या झाडावर बसला की संपलं. बेटाच्या या सगळ्या पुना भागात हीच गत. काळा खडक पूर्वीही काळाच होता, पण आता वर काही नाही म्हणून जास्त काळा दिसतो.

पण परवा सरकारी ऑफिसनं नवीन बी वाटलं. फुकट. विद्यापीठातल्या माणसांनी बंद खोलीत बसून केलेली पपई आहे. रोगाचाच एक बारीकसा कण तिच्या पोटात घातलाय म्हणे, म्हणून तो रोग तिला लागत नाही. मला काय कळतंय त्यातलं! मला एवढं कळतं की त्यांच्या परीक्षेच्या शेतात चारी बाजूंनी झाडं सुकलेली आणि मधली यांची हिरवीगार उभी. मी डोळ्यांनी बघून आले. बास.

बी मिळायच्या आधी तासाभराची फिल्म बघायची होती. मी अर्धी बघितली आणि उठले. एकवीस वर्षं पपई लावतेय, मला टीव्ही शिकवणार? कागदावर सही केली, पाकीट घेतलं, घरी आले.

तुझा नवरदेव मात्र दारातूनच फिरला. मी म्हटलं, "मानोंग सेमोंग, अरे दादा, कुठं निघालास? बी फुकट आहे, विष नाही."

तो म्हणाला, "पानिंग, ज्या रोगानं माझी आठशे झाडं खाल्ली तोच त्या बियात घातलाय. तो मी परत हातानं लावू? आणि तुझ्या बहिणीला काय सांगू, ये, बस, रोग खा?"

मी म्हटलं, "माझ्या बहिणीला आधी लग्न करून आण, मग काय खायला घालायचं ते बघू." सगळी रांग हसली. तो नाही हसला. जुनंच बी लावतोय परत. एक पीक हातात आल्याशिवाय लग्नाला उभा राहणार नाही असं नाताळात तुझ्या ओसरीवर बसून सांगून आलाय ना तो? मग पीक काय आभाळातून पडणार आहे? तूच त्याला दोन शब्द लिही. तुझं ऐकेल.

पानिंग


सारात, इलोकोस नोर्ते
२८ मे १९९८

प्रिय मानांग,

तुझं पत्र पाचवीच्या सुट्टीतल्या वर्गाच्या वह्या तपासताना आलं. वह्या बाजूला ठेवल्या. तुझ्या पत्रात चुका जास्त असतात, पण कंटाळा येत नाही.

त्या बियाचं तुला एवढंच सांगते. आपल्या दोघींच्या दंडावर देवीच्या लसीची खूण आहे. तू थोरली असूनही तेव्हा नर्सच्या हाताला चावली होतीस. रोगाची थोडी ओळख शरीराला आधीच करून दिली की खरा रोग दारात आल्यावर शरीर फसत नाही. या झाडाचंही साधारण तसंच असावं. पूर्ण तसंच नाही, पण तुला आणि मला एवढं पुरे.

तू म्हणतेस ते दोन शब्द मी त्यांना लिहिणार नाही. लिहिलं तर वाचून तूच दाखवणार, आणि वाचताना आपल्या पदरचं घालणार. ते घाबरतात यात मला वाईट काही दिसत नाही. आठशे झाडं गेलेल्या माणसानं नवव्या शंभरीला विचार करावाच. तू त्यांना ढकलू नकोस.

आईच्या थडग्यावर चुना मारून घेतला. बाकी ठीक.

नोरिंग


पाहोआ
२१ मार्च १९९९

नोरिंग,

ये आणि बघ! एक झाड, एकसुद्धा झाड आजारी नाही. अंगठ्याएवढ्या रोपाचं माणसाहून उंच झाड झालं आणि गळ्यापासून कमरेपर्यंत फळं लोंबतात. या आठवड्यात पहिली तोडणी झाली. आतून पिवळी, घट्ट, साखर. मी शेतातच कोयत्यानं कापून दोन खाल्ल्या आणि तिसरी लुसिओसाठी ठेवली होती तीही खाल्ली. जपानवाले ही पपई घेत नाहीत, त्यांना खोलीतली पपई चालत नाही. न चालू दे. होनोलुलूचे लोक घेतात.

आणि आपल्या बांधापलीकडं सेमोंग. त्याचं जुनं बी सगळं गेलं. वर्ष गेलं. रोज संध्याकाळी बांधावर येऊन माझ्या झाडांकडं बघत उभा राहतो, हात मागं बांधून, मयताला आल्यासारखा. शेवटी परवा बोलला, "पानिंग, मी चुकलो."

मी म्हटलं, "ते मला दहा महिन्यांपूर्वीच माहीत होतं. पुढं बोल."

तो ऑफिसात गेला होता. आता यादी झालीय, पुढचं पाकीट पुढच्या वर्षाच्या आरंभाला. म्हणजे लावणी पुढच्या वर्षी, पीक त्याच्या पुढच्या वर्षी, लग्न... तूच हिशेब कर, तू मास्तरीण.

मी म्हटलं, "खुळा आहेस का? माझी फळं बियांनी भरलीत. सगळ्यात चांगल्या झाडाचं सगळ्यात चांगलं फळ निवडून देते. आपल्या आया कधी कुठल्या ऑफिसात गेल्या होत्या बियाला?" तर म्हणे नको. आधी रोगाला घाबरत होता, आता ऑफिसचा भक्त झालाय. "ऑफिसचंच हवं. पाकिटातलं. एकदा माझ्या मतानं केलं ते बास झालं."

असला माणूस तू पसंत केलास. मी काही बोलत नाही.

पानिंग


सारात
८ एप्रिल १९९९

प्रिय मानांग,

तुझी झाडं जगली हे वाचून मी शेजारी जाऊन सांगून आले. मला वाटलं नव्हतं एवढा आनंद होईल.

त्यांना त्यांच्या पाळीनं पाकीट घेऊ दे. आणखी एक वर्ष. मी थांबेन. लग्नाला उशीर झाला म्हणून नवरी नासत नाही, पपईसारखी.

इकडं लसूण यंदा बरा आला. वेण्या घालून ओसरीला टांगलाय. येणाऱ्याजाणाऱ्याचं डोकं लागतं.

नोरिंग


पाहोआ
२ मे १९९९

नोरिंग,

घाईत लिहितेय. आनंदाची बातमी. सेमोंगला पाकीट मिळालं. कसं ते विचारू नकोस, मी म्हणजे मी आहे. गेल्या आठवड्यात अडीच एकर लावून झालं. मी पण होते हाताशी. दर खड्ड्यात तीन तीन बिया, खडकात कुदळ मारून मारून खांदे गेले. तीन महिन्यांनी फुलं दिसतील, मग कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं ते ठरेल. नवरा निवडण्यापेक्षा पपई निवडणं सोपं, निदान फुलावरून कळतं.

पुढच्या मार्चला पीक. तू तयारी कर.

पानिंग


सारात
१७ ऑक्टोबर १९९९

प्रिय मानांग,

तयारी केली. म्हणजे मी नाही, गावानं केली. मी फक्त मुख्याध्यापिकेला एवढंच म्हटलं की मार्चच्या शेवटी शाळा सुटली की मला थोडं काम आहे. दुसऱ्या दिवशी मासळीवालीनं मला विचारलं, डुक्कर किती मोठं लागेल? आत्येनं तर आपला जुना जाळीचा शेला काढून धुवायला टाकला. वय सत्तेचाळीस, आणि मुली मला बघून एकमेकींना कोपरानं ढोसतात.

मला राग यायला हवा होता. आला नाही.

त्यांच्या झाडांना फुलं आली का? तू काही लिहिलं नाहीस. नेहमी तू फुलांचं लिहितेस.

नोरिंग


पाहोआ
५ मार्च २०००

नोरिंग,

हे पत्र मी तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा कोंबड्यांना दाणे टाकायला उठले. आता लिहितेच.

सेमोंगच्या शेतात रोग शिरला. नोव्हेंबरातच पहिली पानं नाडीसारखी झाली. मी म्हटलं पाणी कमी पडलं असेल. मग दुसरं झाड, मग दहावं. गंमत अशी की सगळी नाही गेली. तीन झाडं ठणठणीत, चौथं गेलेलं. परत तीन धट्टीकट्टी, एक गेलेलं. असं अगदी रांगेनं नाही, पण बेरीज केली तर तेवढीच. लाल रंगाचा डबा घेऊन तो आजारी झाडांवर फुल्या मारत फिरतो आणि तोडतो.

आणि जी जगली त्यांचंही धड नाही. पहिली फळं कापली तर एक पिवळं, एक पिवळं, परत पिवळं, चौथं लालभडक. वरून ओळखू येत नाही. पॅकिंगच्या शेडवाल्यानं ट्रक परत पाठवला. म्हणाला, "बाई, एका पेटीत दोन रंग मी कुणाला विकू?" आता सेमोंग रस्त्याकडेला टेबल टाकून विकतो. लोक थांबतात, घेतात, पण त्यानं कुणाचं लग्न होत नाही.

ऑफिसवाल्यांनी फसवलं, दुसरं काय. पहिल्या वर्षी चांगलं बी देऊन नादी लावायचं आणि मग कसलंही गळ्यात मारायचं. सेमोंग त्यांना एक शब्द बोलत नाही. मलाही नाही. सकाळी बांधावर भेटला की "बरंय का, पानिंग" म्हणतो आणि जातो. मला तर वाटतं त्यानं ओरडावं.

या मार्चचं काही खरं नाही, हे तुला मीच कळवावं असं त्यानं सांगितलंय.

पानिंग


सारात
२२ मार्च २०००

प्रिय मानांग,

पत्र वाचलं. डुकराचं सांगून ठेवलं होतं, ते नको म्हणून सांगितलं. आत्येनं शेला परत पेटीत ठेवला. कुणी मला काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांना कळलं.

आता एक गोष्ट लिहिते. आपल्या बाबांचा तो लाल झुंजीचा कोंबडा आठवतो? चपट्या तुऱ्याचा. आपल्या कोंबड्या सगळ्या उभ्या तुऱ्याच्या होत्या. त्यांची पिल्लं झाली ती एकजात चपट्या तुऱ्याची, आणि बाबा गावभर सांगत सुटले की माझ्या कोंबड्यानं घराणं बदललं. मग त्या पिल्लांची आपसात पिल्लं झाली. त्यात चारात एक परत उभ्या तुऱ्याचं निघालं. बाबांनी काय केलं? शेजारच्या इस्कोंच्या घरी जाऊन भांडले, की तुमचा कोंबडा रात्री आमच्या आवारात येतो. सहा वर्षं दोन्ही घरं बोलत नव्हती.

इस्कोंच्या कोंबड्याचा काही दोष नव्हता, मानांग. मला ते शिक्षिकेच्या प्रशिक्षणात कळलं, आणि तेव्हा बाबाही नव्हते आणि इस्कोही नव्हते. दोन जातींचा संकर केला की पहिली पिढी सगळी एकसारखी येते. तिच्या पोटची पिढी फुटते. तीन तशी, एक वेगळी. आजीचं नाक नातवंडांत कुणाच्या तरी तोंडावर उतरतं तसं.

चारात एक झाड आजारी. चारात एक फळ लाल. ही फसवणूक नाही, हे गणित आहे. तुझं पहिलं बी पाकिटातलं होतं, सगळं एकसारखं आलं. त्यांचंही पाकिटातलं असेल तर तेही एकसारखंच यायला हवं होतं.

म्हणून विचारते. ते बी कुठलं होतं?

नोरिंग


पाहोआ
३ एप्रिल २०००

नोरिंग,

तुझं पत्र आलं. लुसिओची कंबर धरलीय. इकडं पाऊस फार आहे. तुझ्यासाठी एक पेटी पाठवलीय, त्यात साबण, कॉफी, दोन चादरी आणि तुझ्या मापाचे बूट आहेत. बूट जरा मोठे वाटले तर पुढं कापूस घाल. इस्कोंचा कोंबडा येतच होता, मी स्वतः बघितलाय.

पानिंग


सारात
१५ एप्रिल २०००

प्रिय मानांग,

पेटी अजून वाटेत आहे. बूट मोठे असतील तर कापूस घालीन. लुसिओभावजींच्या कंबरेला आल्याचा लेप लाव.

बी कुठलं होतं?

नोरिंग


पाहोआ
१ मे २०००

नोरिंग,

माझं होतं. झालं समाधान?

माझ्या सगळ्यात चांगल्या झाडाचं, रांगेतल्या तिसऱ्या, सगळ्यात गोड फळांचं बी. धुतलं, वाळवलं, आणि ऑफिसचं माझं रिकामं पाकीट होतं त्यात भरलं. वरची घडी डिंकानं चिकटवली. त्याला म्हटलं, "घे, एकानं नाव काढून घेतलं, त्याचं तुला मिळवलं." तो पाकिटाशिवाय घ्यायला तयार नव्हता. लावणीचे दिवस निघून चालले होते. तू 'थांबेन' लिहिलं होतंस, आणि मला ते वाचून राग आला. कोण थांबतं? आईचं करता करता तू चाळिशीपर्यंत थांबलीस. मग वर 'थांबेन' म्हणतेस. मी म्हटलं, हिला थांबायची सवय लागलीय, आता आपणच हात घालायला हवा.

मला वाईट काय वाटलं सांगू? खोटं बोलले त्याचं नाही, ते मी बाजारात रोज बोलते. माझ्या फळातलं बी, माझ्या खडकातलं, मी निवडलेलं, आणि ते माझं ऐकत नाही? आपण आईकडून हेच शिकलो ना, की चांगलं निवडून ठेव, पुढच्या वर्षी चांगलं येईल? ऑफिसातल्या पोराला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "बाई, फिल्मच्या दुसऱ्या अर्ध्यात हेच तर सांगितलंय, दर वेळी नवीन पाकीट घ्या, घरचं बी ठेवू नका." मी त्याला म्हटलं, महत्त्वाचं आधी सांगायला काय होतं तुम्हाला? तो हसायला लागला. मला हसू नाही आलं.

तुझं गणित आलं त्या दिवसापासून झोप नाही. म्हणून पेटी पाठवली. पेटीनं काही झालं नाही. शेवटी काल सेमोंगच्या शेतात गेले. तो उरलेल्या फुल्यांची झाडं तोडत होता. दिवस चढला होता, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. मी म्हटलं, "मानोंग, कोयता खाली ठेव, मला बोलायचंय."

"बोल की. कोयता ऐकत नाही."

"खाली ठेव. मी जे सांगणार ते ऐकताना तुझ्या हातात नको."

त्यानं ठेवला. मी सगळं सांगितलं. पाकीट, डिंक, तिसरं झाड, सगळं. एका दमात. तो खाली खडकावर बसला, टोपी काढली, टोपीतल्या आतल्या पट्टीचा घाम बोटानं पुसला. मी वाट बघतेय की आता ओरडेल, आता ओरडेल.

तो म्हणाला, "ऑफिस बियांना राख चोळतं का गं, पानिंग?"

मी म्हटलं, "काय?"

"बियांवरचा बुळबुळीतपणा काढायला चुलीतली राख चोळायची, हे आपल्या गावाकडं करतात. ऑफिसच्या बियांना कसली तरी निळी पूड असते, मी दुसऱ्यांची बघितलीयत. तू दिलेलं पाकीट उघडलं आणि माझ्या आईच्या स्वयंपाकघराचा वास आला."

मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "म्हणजे तुला माहीत होतं? लावायच्या आधी?"

"माहीत होतं."

"आणि लावलंस? अडीच एकर? तू? ऑफिसच्या पाकिटाशिवाय शिंकसुद्धा न काढणारा?"

"छप्पन्न वर्षांचा आहे मी," तो म्हणाला. "वाट बघायचा मलाही कंटाळा येतो. मला वाटलं, कुणास ठाऊक, लागलंच तर. आणि लागलं नाही तर म्हणता येईल की पाकिटाचं होतं."

"मग मला बोलायचं होतंस की!"

"बोललो असतो तर तू ते परत नेलं असतंस."

म्हणजे बघ. वर्षभर मी याच्यापासून लपवते आणि हा माझ्यापासून. बांधावर भेटलो की 'बरंय का, पानिंग', 'बरंय, मानोंग'. दोन चोर एकमेकांना नमस्कार करत होते. मला एकदम हसू फुटलं, मग रडू आलं, मग मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यानं तो खाल्ला. मग आम्ही दोघांनी मिळून उरलेली झाडं तोडली.

आता ऐक. या वेळी तो स्वतः जाऊन ऑफिसचं पाकीट घेऊन आलाय. यादीत नाव होतं. निळ्या पुडीचं बी, मी डोळ्यांनी बघितलं. या आठवड्यात लावतोय. पीक पुढच्या वर्षी. तो म्हणतो, पीक हातात आल्याशिवाय तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं उभा राहू, आता तर दोन वर्षांचं तोंड गेलंय. पण तुला थांब म्हणायची त्याला लाज वाटते, आणि मला तर बोलायचा हक्कच नाही. म्हणून नुसतं कळवते. काय ते तू ठरव. मोडायचं असेल तर मोड. दोष माझा आहे, त्याचा अर्धा.

पानिंग

ता. क. इस्कोंचा कोंबडा मी बघितला नव्हता.


सारात
१४ मे २०००, रविवार

प्रिय मानांग,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. शुक्रवारभर मला राग होता. शनिवारी सकाळी कपडे धुताना कळलं की राग तू समजतेस त्याचा नाही.

बियाचा राग नाही. बाबा सहा वर्षं इस्कोंशी भांडले, तू बारा महिन्यांत सांगितलंस. आपल्या घरात ही प्रगतीच म्हणायची. त्यांनी ओळखून लावलं त्याचाही नाही. खरं सांगते, ते वाचून मी धुण्याच्या दगडावर बसून एकटीच हसले. एवढा सावध माणूस माझ्यासाठी एकदा तरी बेसावध झाला.

राग याचा की तुम्ही दोघांनी माझ्यासाठी घाई केली, दोघांनी माझ्यासाठी लपवलं, आता दोघं मिळून माझ्यासाठी थांबायचं म्हणता. आणि तीन वर्षांत एकानंही मला विचारलं नाही की बाई, तुला काय हवंय? मी 'थांबेन' लिहिलं. मग काय लिहायचं होतं? सत्तेचाळीस वर्षांच्या मास्तरणीनं पत्रात लिहायचं की लवकर या? आणि ते पत्र तू मोठ्यानं वाचणार, बांधावर उभी राहून.

आता कुणी विचारलं नाही तरी मीच सांगते. हे मोठ्यानं वाच, माझी हरकत नाही.

मला घाई आहे.

पीक नको. पिकाशी मी लग्न करत नाही. घराला दोन खोल्या आहेत, छप्पर गळतं तिथं भांडं ठेवायची मला सवय आहे. पाच जूनला सोमवारी शाळा उघडते. त्याच्या आदल्या शनिवारी, तीन जूनला, सकाळी सात वाजता त्यांनी इथं चर्चमध्ये हजर राहावं. बी लावून झालंच असेल, तीन आठवडे तू पाणी घाल. ती तुझी शिक्षा. लग्नानंतर त्यांनी परत जावं आणि पुढच्या मार्चपर्यंत पपई बघावी. मार्चला शाळा सुटली की मी येईन, आणि फुलावरून झाड कसं ओळखायचं ते तू मला शिकव. तोवर माझे कागद मी बघते.

हे पत्र पोचेल तेव्हा त्यांच्या हातात आठ-दहा दिवस असतील. विमानाचं तिकीट दोन दिवसांत मिळतं, मी विचारून घेतलं.

आणि त्यांनी विचार करायला वेळ मागितला तर सांग की वेळ संपला. पाद्री लग्नाआधी तीन रविवार दोघांची नावं वाचतात, कुणाची हरकत असेल तर उठावं म्हणून. आज सकाळी आमची पहिल्यांदा वाचली, पूर्ण नावांनी. अन्सेल्मो दुमलाव आणि लिओनोरा आग्बायानी. सगळं चर्च वळून माझ्याकडं बघत होतं. मी समोर बघत राहिले. कुणी उठलं नाही.

हरकत असलीच तर आता ती त्यांना इथं येऊनच घ्यावी लागेल.

नोरिंग